आरएन ते बीएसएन : ऑनलाइन पदवीक्रम

अमेरिकेत परिचर्येचा परवाना मिळवून रुग्णालयात नोकरी करणाऱ्या परिचारिकांना ती नोकरी चालू ठेवून परिचर्याशास्त्रातील स्नातक पदवी घेता यावी, यासाठी तेथील विद्यापीठे व महाविद्यालये चालवीत असलेला पूरक अभ्यासक्रम. नावातील ‘आरएन’ म्हणजे राज्याच्या परिचर्या मंडळाकडे नोंद झालेली परवानाधारक परिचारिका आणि ‘बीएसएन’ म्हणजे परिचर्याशास्त्राची स्नातक पदवी. या अभ्यासक्रमाच्या शेवटी नवा परवाना मिळत नाही, कारण तो सहसा प्रवेशाच्या वेळीच हाती असावा लागतो. त्यामुळे इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, मलमपट्टी करणे अशी मूलभूत कौशल्ये येथे पुन्हा शिकवली जात नाहीत, आणि म्हणूनच त्याचा बराचसा भाग घरबसल्या शिकवणे शक्य होते. परवान्यापूर्वीच्या परिचर्याशिक्षणाचा मोठा भाग मात्र रुग्णाच्या खाटेजवळ व्हावा लागतो, हा भेद ध्यानात न घेतल्यास ‘ऑनलाइन परिचारिका’ असा चुकीचा समज होतो.

एकाच परवान्याकडे जाणाऱ्या वाटा वेगवेगळ्या लांबीच्या असल्यामुळे या अभ्यासक्रमाची गरज निर्माण झाली. रुग्णालयाच्या शाळेतील पदविका, कम्युनिटी कॉलेजातील साधारण दोन वर्षांची सहयोगी पदवी आणि विद्यापीठातील चार वर्षांची स्नातक पदवी, यांपैकी कोणत्याही वाटेने आलेली विद्यार्थिनी ‘एनक्लेक्स-आरएन’ ही एकच परवाना परीक्षा देते आणि उत्तीर्ण झाल्यावर तिला कायद्याने इतरांइतकेच अधिकार मिळतात. १९०९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात परिचर्येची शाळा सुरू झाली, तरी पुढची काही दशके बहुतेक परिचारिका रुग्णालयांच्या शाळांतच घडत राहिल्या आणि शिकणाऱ्या मुलींच्या श्रमांवरच त्या रुग्णालयांचा गाडा चालत राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर परिचारिकांचा तुटवडा जाणवत असताना मिल्ड्रेड माँटॅग यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील आपल्या प्रबंधात दोन वर्षांत तयार होणाऱ्या ‘तांत्रिक परिचारिके’ची कल्पना मांडली आणि १९५२ मध्ये तिचा प्रयोग सुरू झाला. माँटॅग यांच्या योजनेत ही परिचारिका पदवीधर परिचारिकेहून वेगळी, मर्यादित जबाबदारीची होती. प्रत्यक्षात मात्र दोघींना एकच परीक्षा, एकच परवाना आणि बहुधा एकाच वॉर्डातले तेच काम मिळाले. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९६५ मध्ये व्यावसायिक परिचर्येसाठी किमान स्नातक पदवी हवी अशी भूमिका घेतली, पण ती राज्यांच्या कायद्यांत उतरली नाही. नॉर्थ डकोटा या एका राज्याने १९८७ मध्ये तसा नियम केला आणि २००३ मध्ये तो मागे घेतला. परवाना देतानाच पदवी मागणे जमले नाही, तेव्हा कामावर घेतल्यानंतर ती मागण्याची रीत पडली, आणि सहा दशकांच्या या अनिर्णयाचे ओझे कमावत्या परिचारिकेच्या ड्युटीनंतरच्या तासांवर येऊन पडले.

या रीतीला संशोधनाचे बळ मिळाले. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास करून २००३ मध्ये असे दाखवले की, रुग्णालयातील पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक असेल, तर दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी आढळते. युरोपातील ९ देशांवरच्या २०१४ मधील अभ्यासातही अशीच दिशा दिसली, मात्र तेथे एका परिचारिकेवर किती रुग्ण सोपवलेले आहेत ही बाबही तितकीच निर्णायक ठरली. हे अभ्यास संपूर्ण रुग्णालयातील प्रमाणाविषयी बोलतात, एकेका परिचारिकेच्या लायकीविषयी नव्हे, आणि सहसंबंध दाखवतात, कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहीत. वीस वर्षे अतिदक्षता विभाग सांभाळलेल्या सहयोगी पदवीधारक परिचारिकेला कमी लेखण्यासाठी त्यांचा आधार घेणे हा सरळ अन्याय आहे. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २०१० च्या अहवालात २०२० पर्यंत ८० टक्के परिचारिका पदवीधर असाव्यात असे उद्दिष्ट सुचवले. ते त्या मुदतीत गाठले गेले नाही, पण रुग्णालयांच्या भरतीचे निकष त्याने बदलले. उत्तम परिचर्येसाठी रुग्णालयांना दिल्या जाणाऱ्या ‘मॅग्नेट’ मान्यतेत परिचारिका व्यवस्थापकांना पदवी आवश्यक झाली, आणि न्यूयॉर्क राज्याने २०१७ च्या कायद्याने नव्या परिचारिकांना परवान्यानंतर १० वर्षांच्या आत स्नातक पदवी घेणे बंधनकारक केले. आधीच परवाना असलेल्यांना त्यातून वगळले.

पदवीसाठी साधारणतः १२० श्रेयांक लागतात. श्रेयांक म्हणजे क्रेडिट, अर्थात अभ्यासाच्या भाराचे एकक. आधीच्या शिक्षणाचे आणि परवान्याचे श्रेयांक जमेस धरल्यावर परिचर्येचे उरतात ते बहुधा ३० च्या आसपास, शिवाय संख्याशास्त्रासारखे काही सामान्य विषय. परिचर्येच्या विषयांत संशोधन व पुराव्यावर आधारित परिचर्या, सामुदायिक आरोग्य, नेतृत्व आणि आरोग्य-माहितीशास्त्र हे मुख्य असतात. त्यांतून काय साधते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शय्याव्रण, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, होण्याचा धोका किती आहे हे ठरवण्यासाठी परिचारिका ब्रेडन मापनश्रेणी भरते. संवेदना, ओलावा, हालचाल, पोषण, घर्षण यांसह एकूण ६ बाबींना गुण देऊन येणारी बेरीज ६ ते २३ यांच्या दरम्यान असते आणि १८ किंवा त्याखालील आकडा धोक्याचा मानला जातो. वॉर्डात हा आकडा ती वर्षानुवर्षे भरत आलेली असते. पदवीच्या वर्गात तिला विचारले जाते की, ही मर्यादा १८ च का, ती कोणत्या रुग्णांवर पारखली गेली, धोका नसताना धोका दाखवण्याचे तिचे प्रमाण किती, आणि ‘पोषण’ या बाबीला दोन परिचारिका वेगवेगळे गुण देत असतील तर त्या बेरजेवर किती विसंबावे. रोज हाताखालून जाणारी गोष्ट अशी प्रश्न होऊन समोर येणे, हे या शिक्षणाचे खरे मोल आहे.

सामुदायिक आरोग्याच्या विषयात ‘विंडशील्ड सर्वेक्षण’ नावाचे काम पुष्कळ ठिकाणी दिले जाते. विद्यार्थिनीने आपल्याच गावातील एखाद्या वस्तीतून गाडीने किंवा पायी फिरून पदपथ धड आहेत का, ताजी भाजी कुठे मिळते, औषधाचे दुकान किती लांब आहे, बसथांब्यावर सावली आहे का, याची नोंद करायची असते. ज्या रुग्णाला ‘मीठ कमी करा, रोज चाला’ असे सांगून घरी सोडले, त्याच्या घराजवळ केवळ डबाबंद खाणे विकणारे दुकान आणि पदपथ नसलेला रस्ता आहे, हे तिला तेथे प्रथमच दिसू शकते. अभ्यासक्रमातील हा प्रत्यक्ष कामाचा भाग पडद्यावर उरकता येत नाही, आणि मान्यता देणाऱ्या संस्थाही तो आवश्यक मानतात.

ऑनलाइन वर्ग बहुधा ठरावीक वेळी भरत नाही. पाठ, वाचन आणि चर्चा आठवडाभर खुली असते आणि निबंध आठवड्याच्या अखेरीस द्यायचा असतो. अमेरिकन रुग्णालयांत आठवड्यातून तीन वेळा १२ तासांची ड्युटी ही सर्रास पद्धत असल्यामुळे ही सोय मोलाची आहे, पण नाइट ड्युटी संपवून सकाळी साडेसात-आठला घरी परतलेल्या, मुलांना शाळेत सोडून मग संदर्भसूची लिहायला बसणाऱ्या परिचारिकेच्या बाबतीत ‘सवडीने शिका’ हे शब्द अपुरे पडतात, कारण तिला सवड अशी नसतेच. ड्युटीच्या तक्त्यात सवलत देणारी, निदान परीक्षेच्या आठवड्यात जादा ड्युटी न लावणारी रुग्णालये या शिक्षणाला खरा हातभार लावतात. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न गव्हर्नर्स विद्यापीठाने क्षमताधिष्ठित पद्धत आणली. तीत वर्गातील आठवडे मोजले जात नाहीत, विषय आत्मसात झाल्याचे दाखवले की विद्यार्थिनी पुढे जाते, आणि शुल्क ६ महिन्यांच्या सत्राला एकरकमी असते, म्हणून अनुभवी परिचारिकेला ती किफायतशीर पडू शकते.

शुल्काचा काही भाग अनेक रुग्णालये देतात आणि वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या अशा मदतीवर परिचारिकेला संघराज्याचा प्राप्तिकर लागत नाही. बदल्यात ठरावीक काळ तेथेच नोकरी करण्याची अट असू शकते. प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाला सीसीएनई किंवा एसीईएन यांसारख्या संस्थेची मान्यता आहे का, हे तपासणे अत्यावश्यक असते, कारण त्याविना पुढील पदव्युत्तर प्रवेश अडू शकतो.

भारतात याच्याशी मिळताजुळता अभ्यासक्रम म्हणजे जीएनएम पदविका घेतलेल्या परिचारिकांसाठीचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. नियमित स्वरूपात तो दोन वर्षांचा असून महाराष्ट्रात नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत चालतो. पूर्णवेळ असल्याने त्यासाठी रजा घ्यावी लागते किंवा नोकरी सोडावी लागते. नोकरी सांभाळून शिकण्याची वाट इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्ये दूरशिक्षणाने खुली केली, मात्र तीत प्रात्यक्षिकांसाठी केंद्रावर व रुग्णालयात हजर राहणे बंधनकारक असते. महाराष्ट्रातून जीएनएम करून अमेरिकेत परवाना मिळवलेली परिचारिका तेथील ऑनलाइन पदवीक्रमाला प्रवेश घेऊ शकते. तेव्हा तिच्या मूळ शिक्षणाचे विषयवार मूल्यमापन होते आणि त्यासाठी कित्येक वर्षांपूर्वीच्या नर्सिंग स्कूलमधून प्रत्येक विषयाचे व प्रात्यक्षिकाचे तास नोंदवलेली कागदपत्रे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडे परस्पर पाठवून घ्यावी लागतात.