समुद्र कोणाचा?

वसई किल्ल्याच्या सागरी दरवाज्यातून बाहेर पडले की समोर धक्का, नांगरलेल्या होड्या आणि समुद्राकडे धाव घेणारी खाडी दिसते. १५३४ ते १७३९ या काळात ह्या दरवाज्यावर पोर्तुगीजांचा पहारा होता. आमच्या पूर्वजांना श्रद्धेचे दान याच काळात लाभले, म्हणून या पडक्या भिंतींकडे आम्ही आपुलकीने पाहतो. परंतु त्या भिंतींनी एक प्रश्नही मागे ठेवला आहे : समुद्र कोणाचा?

पोर्तुगीजांपाशी याचे उत्तर तयार होते. पाचव्या निकोलस पोपमहोदयांनी १४५५ साली आणि सहाव्या अलेक्झांडर पोपमहोदयांनी १४९३ साली काढलेल्या फर्मानांच्या आधारे, आणि १४९४ च्या तोर्देसियासच्या तहाने, पोर्तुगाल व स्पेन यांनी जणू पृथ्वीवरील पाणी आपसांत वाटून घेतले. अरबी समुद्रात त्याची अंमलबजावणी ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याने झाली. शेकडो वर्षे मोकळेपणाने ये-जा करणाऱ्या गलबतांना आता पोर्तुगीजांकडून परवाना घ्यावा लागे व त्यांच्या ठाण्यांवर जकात भरावी लागे. परवाना नसलेले जहाज मालासह जप्त होई. पुढे कान्होजी आंग्रे यांनीही याच किनाऱ्यावर स्वतःचे दस्तक चालविले. सत्ताधीश बदलले, पण ज्याच्या हाती तोफ त्याचा समुद्र, हा न्याय कायम राहिला.

या मक्तेदारीला पहिला मोठा तात्त्विक धक्का हॉलंडमधून बसला. १६०३ साली डचांनी ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्या कृत्याचे समर्थन करता करता ह्युगो ग्रोशियस या तरुण विधिज्ञाने समुद्राच्या स्वातंत्र्याचा सिद्धांत मांडला व १६०९ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वाऱ्याप्रमाणे समुद्रही कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, हा त्याचा विचार उदात्त होता. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले होते. समुद्र कितीही वापरला तरी संपत नाही, त्यातील मासळीही संपत नाही, असे तो मानीत होता. ‘समुद्र माझा’ म्हणणारा पोर्तुगीज आणि ‘समुद्र सर्वांचा’ म्हणणारा डच, या दोघांनाही एकच गोष्ट सुचली नाही : समुद्राची राखण करावी लागते.

ती गोष्ट आमच्या कोळीवाड्यांना ठाऊक होती. डोल लावणाऱ्या कोळ्याने समुद्रतळाशी खुंट रोवला की ती जागा कोणाची, हे गावकीचा रिवाज ठरवी. जाळ्याचे तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहाने उघडे. मासळीच्या पाठी लागण्याची सोय त्यात नव्हती. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला विसावा मिळे. या व्यवस्थेत तंटे नव्हते असे नाही; डोलीच्या जागांवरून वसई आणि सातपाटीकडील मच्छीमारांत वाद झालेच आहेत. तथापि हक्कासोबत मर्यादाही येते, ही जाणीव तिच्या मुळाशी होती.

मर्यादा सुटली की काय होते, हे जगाने १९९२ साली पाहिले. कॅनडातील न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्यावर सुमारे ५०० वर्षे कॉड मासळी पकडली जात होती. यांत्रिक जहाजांनी काही दशकांत तिचे साठे इतके खालावले, की सरकारला मासेमारीच बंद करावी लागली व हजारो कुटुंबांची चूल विझली. त्याच सुमारास, १९९१ च्या धोरणाने, आपल्या खोल समुद्रात परकीय कंपन्यांच्या भागीदारीतील जहाजांना वाट मोकळी झाली. त्याविरुद्ध देशभरचे मच्छीमार एकवटले. त्यांच्या अग्रभागी रिडेम्प्टरिस्ट संघाचे धर्मगुरू फादर थॉमस कोचेरी होते. आंदोलने व उपोषणे झाली. अखेर १९९६ साली मुरारी समितीने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. ज्या समुद्राच्या वाटपावर एकेकाळी पोपमहोदयांची मुद्रा उमटली होती, त्याच समुद्रासाठी एक कॅथलिक धर्मगुरू उपाशी बसला, हा इतिहासाचा न्याय म्हणावा लागेल.

राष्ट्रांच्या विचारातही पालट होत होता. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टा या चिमुकल्या देशाचे राजदूत आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रसंघात सागरतळ हा अखिल मानवजातीचा समाईक वारसा मानावा, असे आवाहन केले. त्यातून १९८२ चा सागरी कायद्याचा करार आकारास आला. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडील जीवसृष्टीच्या रक्षणासाठी २०२३ साली नवा करार संमत झाला आणि जानेवारी २०२६ पासून तो अमलात आला. वारसा म्हटला की केवळ उपभोग नव्हे, पुढच्या पिढीच्या हाती तो सुपूर्द करणेही आले.

ख्रिस्तसभेनेही आपले मन तपासले आहे. उत्पत्तीच्या ग्रंथात मनुष्याला सृष्टीवर अधिकार दिला आहे, तसे बागेची मशागत व राखण करण्याचे कामही दिले आहे. २०१५ च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी या राखणीकडे लक्ष वेधले. पंधराव्या शतकातील त्या फर्मानांवर आधारलेला ‘शोधाचा सिद्धांत’ व्हॅटिकनने मार्च २०२३ मध्ये स्पष्टपणे नाकारला. चूक कबूल करण्यास पाच शतके लागली. समुद्राला तितकी सवड नाही.

आज वाढवण येथे बंदर उभे राहत आहे. २०२४ साली त्याची पायाभरणी झाली, तेव्हाही किनाऱ्यावरचे मच्छीमार विरोध करीत होते. दुसरीकडे, डोलीत बोंबलाबरोबर प्लास्टिकही येते. बंदराचे निर्णय दिल्लीत होतात. ते प्लास्टिक मात्र आपल्या घरांतून, नाल्यांतून व खाडीतून गेलेले असते. म्हणून आम्हांस वाटते, की धर्मग्रामात होड्यांना आशीर्वाद दिला जातो त्या दिवशी होड्यांबरोबर समुद्रासाठीही प्रार्थना व्हावी, आणि त्या प्रार्थनेआधी आपली खाडी आपल्या हातांनी साफ झालेली असावी. समुद्र कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार राखण करणाऱ्यालाच आहे.