बेटावरून आलेलं औषध

जालन्यात ‘मधुमेह’ हा शब्द केसपेपरवर असतो, बोलताना मात्र ‘शुगर’च. डॉक्टरांनी ‘ह्यूमन इन्सुलिन’ लिहून दिलं की मनात शंका येते, हे माणसाच्या अंगातून काढतात का? शंका रास्त आहे. या औषधाचं कूळ जनावरांच्या शरीरातूनच सुरू झालं.

१८६९ साली पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला स्वादुपिंडात पेशींचे सुटे पुंजके दिसले, बेटांसारखे. लॅटिनमध्ये बेट म्हणजे ‘इन्सुला’, त्यावरून या बेटांतल्या द्रव्याचं नाव पडलं इन्सुलिन. प्रत्यक्ष द्रव्य हाती लागलं टोरांटोत, बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांना, १९२१ साली. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मधुमेही मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते फसलं. अर्क अशुद्ध होता, टोचल्या जागी गळू आलं. त्यांचे सहकारी जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला, १२ दिवसांनी पुन्हा टोचला आणि साखर उतरली. तोवर अशा लेकरांना जवळजवळ उपाशी ठेवूनच थोडे दिवस वाढवून मिळत. पेटंट संशोधकांनी टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. मला या साऱ्या कथेत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

पुढची साठ वर्षं इन्सुलिन गाईबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून येत राहिलं. जेमतेम पाव किलोसाठी दोन टनांहून जास्त ग्रंथी लागत. माणसाच्या इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात. डुकराच्या इन्सुलिनमध्ये त्यांतलं एक वेगळं, गाईच्या तीन. एवढ्याशा फरकानेही काहींच्या अंगावर ॲलर्जी उठे. शिवाय आपल्याकडे गाय आणि डुक्कर ही नावं ऐकून किती घरांत मन कचरलं असेल!

१९७८ मध्ये अमेरिकेत माणसाच्या इन्सुलिनचा जनुक जिवाणूंत घालून त्यांच्याकडून ते करवून घेतलं आणि १९८२ साली तिथे या औषधाला परवानगी मिळाली. ‘ह्यूमन’चा अर्थ एवढाच, की घडण हुबेहूब माणसाच्या इन्सुलिनची. माणसाच्या अंगातून काढलेलं त्यात काहीच नसतं.

२००३ साली वोक्हार्ट या औषध कंपनीने तेव्हाच्या औरंगाबादेत यीस्टच्या पेशींकडून असंच इन्सुलिन बनवून ‘वोसुलिन’ नावाने बाजारात आणलं. जालन्याहून हे अंतर साठेक किलोमीटर. १ मे १९८१ पर्यंत जालना त्याच जिल्ह्यात होता, म्हणजे औषध घरच्याच मुलखात तयार होऊ लागलं.

पण कारखाना जवळ आला म्हणून ऊन कमी होत नाही. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे, तीही गारव्यात टिकते, आणि मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. फ्रीज नसेल तर जुनी युक्ती कामी येते. मोठ्या माठात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, मडक्यात कोरड्या डबीत बाटली. प्रयोगशाळेत जन्मलेल्या औषधाला कुंभाराचा हात असा लागतो.

आणखी एक जुनी खूण आपल्याकडे उरली आहे. बऱ्याच देशांत मिलीला १०० युनिटची बाटली चालते, आपल्याकडे ४० ची अजून सर्रास मिळते. ४० ची असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० ची असेल तर केशरी. १०० चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलं तर अडीचपट डोस जातो आणि साखर जिवावर बेतेल इतकी उतरू शकते. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर आज बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग तेवढा ताडून पाहा.