मुंडकं आणि हात

१९८६च्या गणपतीत आमच्या वीरच्या वाडीत व्हिडिओ आला. रंगीत टीव्हीचं खोकं महाडहून एसटीत मांडीवर घेऊन आणणारा मीच. वय सोळा. प्लेअर दुसऱ्याच्या मांडीवर, कॅसेटी पिशवीत. घरटी वर्गणी काढलेली, पण चाकरमान्यांनी जास्त दिलेली, म्हणून सिनेमे निवडायचा मान त्यांचा. आधी देवाधर्माचा, मग 'शोले', आणि मध्यरात्र उलटल्यावर, पोरं झोपली असं समजून, 'पुराना मंदिर'. पोरं झोपली नव्हती. सिनेमाला 'ए' प्रमाणपत्र होतं, पण खळ्यात ते तपासायला कोण बसलंय?

पहाटे टीव्ही बंद झाला तेव्हा ओटीवरून आजी म्हणाली, "ह्याचं मुंडकं तरी परत बसलं. त्या ठाकुराच्या हातांचं काय झालं?"

सगळे हसले. तिला झोपेत दोन्ही सिनेमे एकच वाटले, असं ठरलं. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो.

'पुराना मंदिर' १९८४चा, तुलसी आणि श्याम रामसे यांचा, आणि त्या वर्षी भरपूर चाललेला. रामसे मूळचे कराचीचे. वडिलांचं तिथे रेडिओचं दुकान होतं, फाळणीनंतर ते मुंबईत लॅमिंग्टन रोडला आलं. १९७०मध्ये त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला आणि तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भुताचा मुखवटा चढवून चोरी करतात तेवढा प्रसंग लोकांना आवडला, हे पोरांच्या लक्षात आलं. सात भाऊ. कोणी कॅमेरा धरला, कोणी ध्वनी, कोणी संकलन, कोणी लेखन. १९७२मध्ये अख्खं कुटुंब महाबळेश्वरला जाऊन 'दो गज जमीन के नीचे' करून आलं. साडेतीन लाखांत, चाळीसेक दिवसांत, सरकारी विश्रामगृहात. स्वयंपाकसुद्धा घरच्या बायकांनी केला.

महाबळेश्वर म्हणजे आम्हाला पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढला की आलंच. पुढे रामसेंनी मुरुडच्या नवाबाचा राजवाडाही वापरला, तो तर आमच्याच जिल्ह्यातला. म्हणजे हिंदी पडद्यावरची हवेली, धुकं, घाटातली वळणं, बंद पडणारी गाडी हे पुष्कळसं आमच्या आजूबाजूचंच होतं. खळ्यावर बसलेल्यांना ते कोणी सांगायची गरज नव्हती. रात्री कशेडी घाट उतरताना काय दिसतं याच्या गोष्टी ट्रकवाल्यांनी आधीच सांगून ठेवल्या होत्या. चकवा लागून माणूस रात्रभर एकाच शेताला फेऱ्या मारतो, पाण्यात गिऱ्हा असतो, हे आम्हाला शाळेआधीपासून ठाऊक.

'शोले'चं तसं नव्हतं. आमच्याकडे कुठला आलाय घोड्यावरचा डाकू! रमेश सिप्पींनी रामगढ उभं केलं ते बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत, आणि त्याची मुळं त्याहून लांब. 'सेव्हन समुराई'वरून अमेरिकेत 'द मॅग्निफिसंट सेव्हन' झाला, तो गावाने भाड्याने आणलेल्या बंदूकवाल्यांचा. ठाकूरच्या घरच्यांची कत्तल सर्जिओ लिओनेच्या १९६८च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधल्या कत्तलीची आठवण करून देते. धूळ, ऊन, मोकळं माळरान. आमच्या भागात चार महिने धूळ उडतच नाही, आणि उरलेल्या महिन्यांत डोंगर आडवे येतात. एक दुवा मात्र होता. मालगाडीवरच्या हल्ल्याचा तो प्रसंग पनवेलजवळ चित्रित झाला होता, सात आठवडे लागले होते. म्हणजे त्यातली गाडी आमची, घोडे परके.

आता गंमत अशी की 'पुराना मंदिर'च्या पोटातच 'शोले' आहे. मधेच जगदीप येतो, मच्छरसिंग नावाचा डाकू होऊन. 'शोले'त तो सूरमा भोपाली होता, इथे गब्बरची नक्कल. मूळ गोष्टीशी त्याचा संबंध जवळपास शून्य. मूळ गोष्टीतला सैतान सामरी तोडलेलं मुंडकं परत मिळवायच्या मागे असताना मच्छरसिंग आपला टोळी घेऊन चेष्टा करतोय. आमच्या खळ्यात नाव ऐकूनच हशा, कारण भाताची खाचरं भरलेली आणि मच्छर खरेच चावत होते. पण दुसऱ्यांदा कॅसेट आणली तेव्हा तो भाग आला की 'फॉरवर्ड कर' असा ओरडा झाला. डाकूवर एकदा हसून होतं. भुताला मात्र कोणी फॉरवर्ड करू देईना.

अमेरिकेत भय आणि काऊबॉय यांचं लग्न वेगळ्या रीतीने लागलं. १९६६मध्ये 'बिली द किड व्हर्सेस ड्रॅक्युला' असा एक सिनेमा निघाला. नावातच सगळं आलं, आणि तो पाहिला नाही तरी चालतं. १९७३चा क्लिंट ईस्टवूडचा 'हाय प्लेन्स ड्रिफ्टर' मात्र वेगळा. घोड्यावरून एक अनोळखी माणूस गावात येतो, गाव लाल रंगवून घेतो, आणि गावाने ज्याला चाबकांखाली मरू दिलं त्याच मार्शलचं ते भूत असावं असं हळूहळू वाटू लागतं. तिथे स्वार आणि भूत एकच. रामसेंच्या ताटात मात्र दोन भाज्या शेजारी शेजारी वाढलेल्या, रस्सा एकमेकांत जाऊ न देता.

असं मी पुष्कळ दिवस म्हणायचो. मग आजीचं वाक्य आठवलं.

'शोले'त गब्बर ठाकूरचे हात तोडतो. रिकाम्या बाह्या शालीखाली लपवून ठाकूर सूड उगवतो. 'पुराना मंदिर'मध्ये दोनशे वर्षांपूर्वी राजा सामरीचं मुंडकं उडवतो. ते हवेलीत पेटीत त्रिशूळ लावून बंद, धड देवळामागे पुरलेलं, आणि सामरीच्या शापाने त्या घराण्यातल्या बाया बाळंतपणात मरतात. दोन्हीकडे घर ठाकुराचंच. दोन्हीकडे अंगाचा तोडलेला भाग आणि त्याचा हिशेब. फरक इतकाच की 'शोले'त तोडणारा डाकू आहे आणि इथे तोडणारा राजा. रामसेंनी मच्छरसिंगच्या चेष्टेत 'शोले' घातला तो दिसतो. पण मला वाटतं, खरा 'शोले' त्यांनी उलटा करून भुताच्या अंगात घातला, बहुधा स्वतःलाही न कळता. सामरीचं मुंडकं धडावर बसतं आणि तो उठतो. ठाकूरचे हात परत येत नाहीत.

शेवटाचंही तसंच. 'शोले'च्या मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरला तुडवून मारतो. १९७५ला, आणीबाणीच्या दिवसांत, सेन्सॉरने तो बदलायला लावला, म्हणून आमच्या कॅसेटमध्ये ऐनवेळी पोलीस येतात. आजी त्यावरही चिडली होती, "मेले आत्ताच आले?" सामरीच्या वेळी कोणी पोलीस आला नाही. तो पुरता जळेपर्यंत कॅमेरा हलला नाही, आणि खळं गप्प बसून राहिलं. भुताच्या सिनेमाला कायद्याची चिंता नव्हती. आमच्या गावात तो अधिक मागितला जायचा, त्याचं एक कारण हे असावं.

व्हिडिओचा धंदा मी पुढे तीन वर्षं केला. टेपवर बुरशी धरायची, हेड स्पिरिटने पुसायचं, लाइट गेली की वर्गणी परत मागायचे. एका दुकानदाराने एकदा 'पुराना मंदिर'च्या डब्यात लग्नाची कॅसेट घालून दिली. रात्री दोन वाजता अनोळखी नवरानवरी निघाली आणि पोरं त्यांनाच घाबरली. मग घरोघरी टीव्ही आले.

१९९३मध्ये कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा तुकडा सुरू झाला. पुढचा काही काळ वीर हे शेवटचं स्टेशन असल्याच्या थाटात मिरवत होतं. त्या पावसाळ्यात आजीला घेऊन मुंबईला निघालो. पनवेलच्या आसपास मी तिला म्हटलं, इथेच कुठेतरी ती 'शोले'ची गाडी पळाली. तिने खिडकीच्या गजाला नाक लावलं. बाहेर खाचरं, एक म्हैस, पाणीच पाणी.

"घोडे कुठे धावले असतील रे," ती म्हणाली, "सगळा तर चिखल आहे."