पाणी शुद्ध करणाऱ्या द्रव्यांचा इतिहास

कुर्डुवाडी हें नांव काढतांच आगगाडीची आठवण होते. १८९७ सालीं अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून बार्शी लाइट रेल्वे धांवूं लागली आणि पुढें या गांवीं तिचा कारखानाही उभा राहिला. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकीच पाण्याचीही गरज असे. पाणी जड असलें म्हणजे त्यांतील चुन्याचे क्षार बाष्पपात्राच्या नळ्यांवर कवच धरीत. कोळसा अधिक जळे व नळ्या निकामी होत. पाण्यांत विरघळलेलें, डोळ्यांना न दिसणारें द्रव्य वेगळें कसें करावें, हा प्रश्न त्यामुळें कारखानदारांना निकडीचा वाटूं लागला.

फडक्यानें गाळ अडतो. विरघळलेलें द्रव्य अडत नाहीं. त्याला ओढून धरणारा पदार्थच हवा. असा एक पदार्थ म्हणजे कोळसा. १७८५ सालीं लोविट्झ या रसायनज्ञानें कोळशाच्या अंगीं रंग शोषून घेण्याचा गुण आहे असें दाखविलें, आणि एकोणिसाव्या शतकांत साखर-कारखान्यांनीं त्याचा उपयोग केला. हें सामर्थ्य छिद्रांचें आहे. चांगल्या क्रियाशील कोळशाच्या एका ग्रॅमांत हजार चौरस मीटरांच्या आसपास पृष्ठभाग दडलेला असतो.

दुसरा पदार्थ झिओलाइट, म्हणजे ‘उकळणारा दगड’. क्रॉन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५६ सालीं त्यास हें नांव दिलें. आपल्या दख्खनच्या काळ्या फत्तराच्या पोकळ्यांत त्याचे सुंदर स्फटिक विपुल सांपडतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत गान्स यानें त्याच जातीचा कृत्रिम पदार्थ बनविला. तो पाण्यांतील चुना घेऊन मोबदल्यांत सोडियम देतो, आणि मिठाच्या पाण्यानें धुतला कीं पुन्हां कामास येतो. १९३५ सालीं इंग्लंडांत अ‍ॅडम्स व होम्स यांनीं असाच विनिमय करणाऱ्या राळी तयार केल्या.

तोंच नवें संकट जन्मास आलें. १९३८ सालीं अमेरिकेंत टेफ्लॉनचा शोध लागला, आणि कार्बन व फ्लोरिन यांच्या अतिबळकट बंधाचीं रसायनें कारखान्यांत व घरांत शिरलीं. त्यांस आज पी. एफ. ए. एस. म्हणतात. उन्हाला, जंतूंना वा उकळण्याला तीं दाद देत नाहींत. तुरटी, वाळू व क्लोरिन यांतूनही तीं जवळजवळ जशींच्या तशीं पार होतात. अमेरिकेनें २०२४ सालीं त्यांपैकीं दोन प्रमुख रसायनांची पिण्याच्या पाण्यांतील मर्यादा दर लिटरास अवघे ४ नॅनोग्रॅम ठरविली.

म्हणून रसायनज्ञ आतां छिद्रें मापानें घडवूं लागले आहेत. धातू व सेंद्रिय दुवे यांच्या जाळीदार स्फटिकांबद्दल रॉब्सन, कितागावा व याघी यांस २०२५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुण्याच्या आयसर संस्थेंतही सुजित घोष यांच्या गटानें पाण्यांतील विषारी द्रव्यें वेंचून धरणाऱ्या सच्छिद्र पदार्थांवर संशोधन केलें आहे.

कुर्डुवाडीला हें दूरचें नाहीं. याच माढा तालुक्यांत भीमेवर १९८० सालीं पुरें झालेलें उजनी धरण आहे. पुणें व पिंपरी-चिंचवड यांचें सांडपाणी मुळा-मुठा, पवना व इंद्रायणी यांवाटे शेवटीं त्याच जलाशयांत उतरतें, आणि सोलापूर जिल्ह्यांतील कित्येकांची तहान तेथूनच भागते. पंढरीची चंद्रभागा म्हणजेही हीच भीमा.

येथें एक गोष्ट विसरूं नये. शोषक पदार्थ विष नष्ट करीत नाहीं. तो तें एके ठिकाणीं गोळा करतो. भरलेला कोळसा वा राळ यांची नीट वासलात लावली नाहीं, तर नदींतून काढलेलें विष उकिरड्यावरून पावसाबरोबर पुन्हां नदींतच येईल. इंजिनाची बिघडलेली नळी बदलतां येई. माणसाच्या देहाला ती सोय नाहीं. तेव्हां नव्या द्रव्यांचें स्वागत अवश्य करावें. पण घाण जेथें पाण्यांत पडते तेथेंच ती अडविण्याचा खर्च कोणीं सोसावयाचा, हें आधीं ठरलें पाहिजे. वरच्यांनीं मळवावें आणि खालच्यांनीं गाळून प्यावें, हा न्याय नव्हे.