व्यसनमुक्ति : सोबत आणि उतराई

पुण्याच्या नारायण पेठेचें नांव काढिलें, कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें केसरीवाडा उभा राहतो. बडोद्याच्या गायकवाड सरकारांकडून लोकमान्य टिळकांनीं १९०५ सालीं तो विकत घेतला, आणि तेव्हांपासून महाराष्ट्राच्या राजकारणांतील प्रमुख स्थानांत त्याची गणना होऊं लागली. येथें झालेल्या खलबतांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु या वाड्याच्या धन्यानें जिला आपलें बळ दिलें अशी एक चळवळ आज फारशी कोणाच्या स्मरणांत नाहीं. ती १९०८ ची मद्यपाननिषेधाची चळवळ होय. त्याच वर्षींच्या राजद्रोहाच्या खटल्यानें ती झांकोळून गेली. व्यसनी मनुष्याकडे पुण्यानें गेल्या सुमारें दीडशें वर्षांत कोणत्या दृष्टीनें पाहिलें, याचा विचार करतांना मात्र आरंभ तेथून, किंबहुना त्याच्याही थोडें मागून, करावा लागतो.

१८८० सालीं पुणें नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनीं शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांस पत्र लिहिलें. लोकांच्या आरोग्याची काळजी वाहणाऱ्या संस्थेच्या डोळ्यांदेखत घरेंदारें धुळीस मिळविणारीं दुकानें वाढावीं, ही विसंगति त्यांस सहन होईना. पुढें अठ्ठावीस वर्षांनीं टिळकांनींही तोच प्रश्न हातीं घेतला. सामाजिक प्रश्नांत ज्या दोघांचीं मतें एकमेकांपासून फार दूर होतीं, त्यांचें बोट या एका बाबतींत एकाच ठिकाणीं पडावें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. १९०८ मध्यें पुण्याचे स्वयंसेवक दारूच्या दुकानांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांस परत फिरण्याची विनवणी करूं लागले. अबकारीचें उत्पन्न सरकारी तिजोरींत जात असल्यामुळें ही विनवणी सरकारास रुचण्यासारखी नव्हती. २४ जून रोजीं टिळकांस अटक झाली, २२ जुलै रोजीं सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि ते मंडालेस गेले.

या दोन्ही प्रयत्नांविषयीं आम्हांस आदर आहे. दारूचें दुकान आपोआप उगवत नाहीं, त्यामागें कोणाचा तरी परवाना आणि कोणाचा तरी नफा असतो, हें त्यांनीं लोकांस शिकविलें. परंतु दुकानाच्या पायरीवरून परत फिरविलेला मनुष्य ती रात्र कशी काढतो, त्याचे हात कसे कांपतात, दुसऱ्या दिवशीं त्याच्यापाशीं कोण बसतें, हे प्रश्न त्या चळवळींच्या कक्षेंत येत नव्हते. दृष्टि दुकानावर होती. मनुष्य दुकानाच्या दारांतच उभा राहिला.

आणखी एक गोष्ट त्या कक्षेंत आली नाहीं, व ती सांगतांना आमच्याच वर्गास थोडें शरमिंदें व्हावें लागेल. ती गोष्ट म्हणजे तंबाखू. ही वनस्पति पोर्तुगीजांबरोबर दक्षिणेंत आली. अकबराचा सरदार असद बेग हा सतराव्या शतकाच्या अगदीं आरंभीं विजापुराहून परतला, तेव्हां त्यानें बादशहापुढें जी नवलाई ठेविली ती तंबाखू आणि ती ओढण्याची नळी. म्हणजे मोंगल दरबारास हा नाद दख्खनच्या वाटेनें लागला! जहांगिरानें १६१७ मध्यें धूम्रपानास बंदी केली. ती कितपत पाळली गेली हें पुढील चारशें वर्षांच्या इतिहासावरून दिसतेंच. आमच्या भाषेनें तर या पाहुणीस घरांतलीच करून घेतली. गुडगुडी, चिलीम, विडी, तपकीर, मिश्री, चंची, चुन्याची डबी, असा संसारच तिनें मांडिला. मद्यपानावरील व्याख्यान ऐकून घरीं आलेला गृहस्थ ओट्यावर बसून तपकिरीची डबी उघडी, घरांतील वडीलधारी बाई मिश्री लावी, आणि यांत विपरीत असें कोणासच वाटत नसे. दारू पिणारा तो व्यसनी. तंबाखू खाणाऱ्यास केवळ 'संवय' होती. पापाला दोन नांवें ठेवण्याची ही युक्ति सुशिक्षितांस फार सोयीची पडली.

ह्याचें कारण केवळ दांभिकपणा नव्हे. दारू चारचौघांत उघड घेतां येत नसे. तंबाखूनें मात्र चारचौघे एकत्र येत. आगगाडीच्या डब्यांत दोन अनोळखी माणसांची ओळख चुन्याच्या डबीनें होई. कचेरीच्या मधल्या सुट्टींत साहेब आणि कारकून एका काडीवर दोन सिगारेटी पेटवीत. म्हणून तंबाखू सोडणारा मनुष्य केवळ एक पदार्थ सोडीत नाहीं, तर त्याबरोबर जमलेली बैठकही सोडतो. शरीराची ओढ तर आहेच. धूर छातींत गेल्यावर सुमारें दहा सेकंदांत निकोटिन मेंदूस पोंचतें, आणि त्यानंतर मनास जो निवांतपणा वाटतो तो बव्हंशीं आधींच्याच विडीनें निर्माण केलेल्या तगमगीवरचा उतारा असतो. परंतु शरीराची ही तगमग पहिल्या कांहीं दिवसांत शिगेस जाऊन पुढें थोड्या आठवड्यांत ओसरते. एकटेपण तितक्या लवकर ओसरत नाहीं.

१९५० मध्यें लंडनच्या डॉल आणि हिल या संशोधकांनीं धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला, आणि 'संवय' हा शब्द वापरणें दिवसेंदिवस कठीण होत गेलें. भारतांत सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपानास २ ऑक्टोबर २००८ पासून कडक बंदी झाली. महाराष्ट्रानें २०१२ मध्यें गुटख्यावर बंदी घातली. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं सुमारें २७ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू सेवन करणारे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्याही आंत. बाकीची तंबाखू तोंडांत, दांतांवर आणि गालफडांत. कायद्याचें काम कायदा करतो, आणि तें अवश्य व्हावें. परंतु १९०८ चा प्रश्न शेवटीं तसाच उरतो: दारांतून परत फिरलेल्या मनुष्याचें पुढें काय?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्न पुण्यांतच झाला. १९८० नंतर 'गर्द' या नांवाचें विष महाराष्ट्राच्या शहरांत पसरूं लागलें, तेव्हां अनिल अवचट यांनीं त्याच्या पायीं उद्ध्वस्त झालेल्या तरुणांविषयीं लिहिलें. तें वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झालीं, आणि त्यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीच्या आधारानें २९ ऑगस्ट १९८६ रोजीं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत 'मुक्तांगण' व्यसनमुक्ति केंद्र सुरू झालें. त्याचा प्राण होत्या अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट. त्या त्याच मनोरुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ होत्या. व्यसन हा गुन्हा नव्हे, आजार आहे, या एका वाक्यावर त्यांनीं ही संस्था उभारली. रुग्णास उपदेश करण्याऐवजीं त्याचें ऐकून घेणें, त्याला कामाला लावणें, त्याला चार रुग्णांच्या सोबतींत ठेवणें, असा त्यांचा क्रम होता. व्यसनी पतीपायीं पोळलेल्या स्त्रियांचे 'सहचरी' नांवाचे गट झाले. कारण आजार एकाचा असला तरी दुखणें साऱ्या घराचें असतें. स्वतः अनिताबाईंस कर्करोगानें ग्रासलें, तरी त्या काम करीत राहिल्या. १० फेब्रुवारी १९९७ रोजीं त्या गेल्या. संस्था थांबली नाहीं. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनीं ती पुढें चालविली.

मुक्तांगणाची जी गोष्ट आम्हांस इतिहासाच्या दृष्टीनें नवी वाटते ती ही, कीं तेथें बरे झालेल्या रुग्णांतूनच समुपदेशक निर्माण झाले. काल ज्याचा हात कोणीं तरी धरला होता, तोच आज दुसऱ्याचा हात धरूं लागला. जगांतही हा मार्ग साधारण असाच सांपडला होता. १९३५ मध्यें अमेरिकेंतील ॲक्रन गांवीं बिल विल्सन हा दारू सोडलेला गृहस्थ पुन्हां पिण्याच्या बेतांत असतांना दुसऱ्या एका मद्यपी डॉक्टरास भेटला. आपण दुसऱ्यास सांवरूं लागलों कीं आपलाही तोल सांवरतो, हें त्या भेटींत त्यास उमगलें, आणि त्यांतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना जन्मास आली. पुढील गोष्ट मात्र आमच्या विषयाशीं अधिक जवळची आहे. दारूपासून लक्षावधि लोकांस वांचविणारा हा मनुष्य सिगारेट ओढीत राहिला, आणि १९७१ मध्यें फुप्फुसाच्या विकारानें गेला. म्हणजे तंबाखूस सूट देण्याची चूक केवळ पुण्याच्या ओट्यांवरच झाली असें नव्हे.

येथें कृतज्ञता या शब्दाकडे थोडें वळलें पाहिजे. कृत जाणणारा तो कृतज्ञ. आपल्यासाठीं जें केलें गेलें तें ज्याच्या ध्यानांत आहे तो. आमच्या परंपरेनें मनुष्य जन्मतःच ऋणी मानिला, आणि पितृऋण बापास परत करून फिटत नाहीं, तें पुढच्या पिढीस वाढवून फिटतें, असें सांगितलें. व्यसनांतून उठलेल्या मनुष्याचें ऋणही याच जातीचें आहे. जी बायको त्याच्यासाठीं रात्री जागली, जो डॉक्टर त्याच्या शिव्या ऐकत बसला, त्यांची फेड तो कशानें करणार? डॉक्टराच्या पायां पडून तें फिटत नाहीं. दारांत उभ्या असलेल्या पुढच्या रुग्णास 'ये, बैस' म्हटल्यानेंच तो थोडा उतराई होतो. आणि ज्यास कोणाचें तरी देणें आहे, तो मनुष्य सहसा पुन्हां एकटा पडत नाहीं.

या म्हणण्यास आधुनिक संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम येथें १२,०६७ लोकांच्या १९७१ ते २००३ या काळांतील नोंदी तपासून २००८ मध्यें असें दाखविण्यांत आलें, कीं लोक धूम्रपान सोडतात ते घोळक्यानें सोडतात. पति-पत्नींपैकीं एकानें सोडलें तर दुसऱ्यानें धूम्रपान करण्याची शक्यता ६७ टक्क्यांनीं कमी होते. सिगारेट गेली तर मनाचा आधार जाईल, ही भीतिही निराधार ठरली आहे. २०१४ मध्यें ब्रिटिश संशोधकांनीं २६ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हां सोडणाऱ्यांची चिंता व खिन्नता न सोडणाऱ्यांच्या मानानें घटलेली दिसली. ज्याची खिन्नता मुळांतच खोल आहे त्यानें डॉक्टरांकडे जावें, यांत शंका नाहीं. परंतु डॉक्टराची भेट अर्ध्या तासाची. उरलेला दिवस घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या हातीं असतो.

नारायण पेठेंतील पुष्कळसे वाडे आतां राहिले नाहींत, आणि त्यांबरोबर ओटे व चौकही गेले. जुन्या वाड्यांत सर्व कांहीं गोड होतें असें आम्ही म्हणत नाहीं. तेथें व्यसनी मनुष्याची चर्चा चार बिऱ्हाडांत होई आणि तो मान खालीं घालून जिना चढे. परंतु तो चार दिवस दिसला नाहीं तर कोणी तरी चौकशीही करी. आज बंद दारांच्या इमारतींत चर्चाही नाहीं आणि चौकशीही नाहीं.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांपुढें आम्ही एक साधी गोष्ट ठेवूं इच्छितों. घरांतील कोणी सिगारेट किंवा तंबाखू सोडली, आणि तिसऱ्या आठवड्यांत कोपऱ्यावरच्या टपरीशीं तो पुन्हां दिसला, तर 'तुझ्याच्यानें होणार नव्हतेंच' हें वाक्य ओठांपर्यंत येतें. तें गिळावें. तो एकवीस दिवस राहिला होता, हें त्यास मोजून सांगावें, आणि संध्याकाळीं त्याच्याबरोबर नदीकांठानें चालावयास जावें. त्याच्या हातास तेवढा वेळ दुसरें कांहीं तरी काम आणि मनास दुसरी बैठक हवी असते. १९०८ च्या स्वयंसेवकांनीं दुकानाच्या पायरीपर्यंतचें काम केलें. त्या पायरीपासून घरापर्यंतचा रस्ता त्याच्यासोबत चालण्याचें काम आमच्याकडे आहे.