जिवलग खेळणे (बालकाचे)

तान्ह्या वा लहान मुलाने स्वतः निवडलेली, झोपताना व रडताना हवीच असणारी मऊ वस्तू. कापसाचे अस्वल, चिंध्यांची बाहुली किंवा आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, काहीही चालते. निवड मात्र मुलाची. बाजारातले महागडे अस्वल कोपऱ्यात पडून राहते आणि गोधडीचे फाटके टोक मुठीत राहते, हे घरोघरचे दृश्य.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी अशा वस्तूला ‘संक्रमण-वस्तू’ म्हटले (निबंध १९५१, प्रकाशन १९५३). ही ओढ साधारण चौथ्या ते बाराव्या महिन्यांत दिसू लागते. आई जवळ नसताना तिच्या असण्याचा धागा मूल या वस्तूत धरून ठेवते. वस्तू धुतली की तो धागा तुटतो, कारण वास जातो. घुग्घुससारख्या कोळसा खाणी व सिमेंट कारखान्याच्या गावात ही अडचण मोठी : पांढरे अस्वल पाहता पाहता राखाडी होते, धुवावे तर लागतेच, मग ते दोरीवर कान चिमट्यात अडकून लटकते आणि खाली लेकरू मान वर करून बसते. रात्री निजल्यावर धुणे बरे, असे अनुभवी आजी सांगतात.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुले सजवलेला लाकडी नंदी मिरवतात. तोही लाडका, पण तो मिरवायचा, कुशीत घ्यायचा नव्हे.

जिवलग खेळणे सहसा हिसकावून सुटत नाही. विनिकॉट यांच्या मते मूल त्याचा शोक करत नाही, विसरतही नाही. त्याचे महत्त्व तेवढे ओसरते.