गायन शिकून पुढें काय?

संगीताचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या विद्यार्थ्यास घरचीं वडील माणसें एक प्रश्न हटकून विचारतात : "आतां पोट कसें भरणार?" उत्तर देतांना त्याची जीभ अडखळते. परंतु हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीं. संगीत विद्यालयांत आलें, त्याच दिवशीं तो जन्मास आला.

तत्पूर्वीं शिष्य गुरुगृहीं राही, सेवा करी, आणि विद्या अंगीं मुरली म्हणजे एखाद्या संस्थानिकाचा आश्रय शोधी. शिष्य थोडे, दरबारही थोडे. पण ज्याचें गाणें दरबारास रुचे, त्याच्या अन्नवस्त्राची तजवीज होई. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारख्या थोर गवयालाही संस्थानिकाचाच आधार होता.

त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं ही वाट सोडली. ता. ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें. राजाश्रयाऐवजीं लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर तें चालावयाचें होतें. सामान्य घरांतील मुलांस गायनाचें दार उघडलें खरें. परंतु विद्यार्थी वाढले तसे दरबार कांहीं वाढले नाहींत. मग इतक्या शिकलेल्यांनीं जावें कोठें?

पलुसकरांनीं यावर उपाय योजला तो उपदेशक वर्गाचा. निवडक विद्यार्थ्यांस विद्यालयांतच ठेवावें, त्यांच्या राहण्याजेवणाचा भार विद्यालयानें वाहावा, आणि तयार होतांच त्यांनीं शिक्षक व्हावें. शाखा वाढत होत्या तोंवर हें गणित सुटत गेलें. ओंकारनाथ ठाकूर १९१६ सालीं, वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य झाले. परंतु मुंबईस कर्ज काढून उभारलेली विद्यालयाची इमारत १९२० नंतर थोड्याच वर्षांत लिलावांत गेली. ज्या संस्थेच्या भरंवशावर तरुणांनीं उमेदीचीं वर्षें वेंचलीं होतीं, तिचाच पाया खचला.

या तरुणांनीं पुढें काय केलें, हें पाहण्याजोगें आहे. विनायकराव पटवर्धन बालगंधर्वांच्या नाटक मंडळींत गेले. नट म्हणवून घेणें त्या काळीं पांढरपेशा घरांत भूषणाचें नव्हतें. तरी सुमारें दहा वर्षें ते रंगभूमीवर गायिले, आणि १९३२ सालीं त्यांनीं पुण्यास स्वतःचें गांधर्व महाविद्यालय काढलें. बा. र. देवधरांनीं १९२५ सालीं मुंबईस संगीतशाळा स्थापिली. कुमार गंधर्व पुढें तेथेंच शिकले. नारायणराव व्यासांचें गाणें ग्रामोफोनच्या तबकड्यांनीं घरोघरीं पोंचविलें. त्यांचे बंधु शंकरराव यांनीं १९४३ च्या 'रामराज्य' या बोलपटास संगीत दिलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत येते. लाहोरास पहिला विद्यार्थी सा लावण्यास बसला, तेव्हां हिंदुस्थानांत तबकड्यांचें मुद्रण सुरू व्हावयास एक वर्ष होतें, मुंबईच्या नभोवाणीस सव्वीस, आणि बोलपटास तीस. ज्या व्यवसायांनीं पुढें या मंडळींस हात दिला, त्यांतील कित्येक ते शिकूं लागले तेव्हां अस्तित्वांतच नव्हते. उलट जो दरबार कायमचा वाटत होता, तो १९४७ नंतर संस्थानांबरोबरच विलीन झाला.

याचा अर्थ सर्वांचें कल्याण झालें, असा नव्हे. नांवें राहिलीं तीं मोजक्यांचीं. बाकीचे शाळामास्तर झाले, शिकवण्या करीत राहिले, किंवा दुसऱ्याच धंद्यास लागले. गुरूंच्या निधनानंतर १९३१ सालींच शिष्यांनीं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलें आणि परीक्षांस एक व्यवस्था आली. पदवीच्या जोरावर शिक्षकाची जागा मिळूं शकते. मैफल मात्र पदवी विचारीत नाहीं.

तरीही त्या शिकवण्या वायां गेल्या नाहींत. गायक न झालेला प्रत्येक विद्यार्थी जाणता श्रोता झाला, आणि तिकीट काढून जलशास बसूं लागला. दरबाराची जागा अखेर त्यानेंच भरून काढली. म्हणून वडील माणसांच्या प्रश्नास इतिहासाचें उत्तर एवढेंच आहे : विद्यालयानें विद्या दिली, वृत्ति दिली नाहीं, ती प्रत्येक पिढीस नव्यानें घडवावी लागली.